मदत हवी आहे: गाडीतल्या गॅस फ्रिजच्या बर्नरवर गंजाच्या खपल्या पडतात

नमस्कार मंडळी. आम्ही साताऱ्याचे. जुन्या ट्रॅव्हलरमध्ये राहण्याची सोय करून घेतलीय. त्यात सेकंडहँड थ्री-वे फ्रिज आहे. गॅस, बॅटरी आणि घरची लाइट, तिन्हींवर चालतो. पावसाळाभर गाडी कासच्या वाटेवर मामांच्या शेडमध्ये उभी होती. तिथला पाऊस आणि धुकं तुम्हाला माहीतच आहे. परवा गॅसवर लावला तर ज्योत पिवळी, फडफडणारी, आणि थोड्या वेळात विझते. मागची जाळी काढली तर बर्नरवर तांबूस खपल्यांचा थर. बॉयलरच्या, म्हणजे ज्योतीनं तापणाऱ्या भागाच्या, पत्र्यालाही गंज.

आईचं न उघडलेलं इन्सुलिन यातच ठेवतो. ते २ ते ८ अंशांत राहायला हवं. दिवाळीनंतर तिला घेऊन कोकणात उतरायचंय, आणि नुसत्या बर्फाच्या डब्यावर विसंबायला मन धजत नाही.

गंज वरवरचा आहे की आतली नळी खाल्लीय, हे कसं ओळखायचं? या फ्रिजात कॉम्प्रेसर नसतो, आतलं अमोनिया-पाणी तापवून गारवा होतो; अमोनियाचा वास नाही. इथल्या दोन मेकॅनिकनी कॉम्प्रेसरच नाही म्हटल्यावर हात लावला नाही. एकजण म्हणाला, सगळीकडं ऑइल मारा. ज्योतीजवळ तेल मला पटत नाही.

प्रतिसाद, सांगलीहून:
तेल अजिबात नको. आधी नळ्यांवर पिवळी भुकटी किंवा पिवळे डाग आहेत का बघा. आतल्या अमोनिया-पाण्यात गंज रोखायला सोडियम क्रोमेट घातलेलं असतं, गळती झाली की तेच बाहेर येतं. विषारी आहे, दिसलं तर हात लावू नका, फ्रिज बंद करा. नसेल तर बहुधा बर्नरवरच्या धुराच्या नळीतला, म्हणजे चिमणीतलाच गंज. गॅस जळताना पाण्याची वाफ होते, गार चिमणीत ती ओल धरते, खपल्या सुटून खाली बर्नरवर पडतात.

सिलिंडर बंद करून गार होऊ द्या. बर्नर आधी काढून घ्या, चिमणीतली पिळाची पट्टी वर ओढून काढा आणि वरून ब्रश फिरवा. जेटच्या (गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीच्या) भोकात पिन घालू नका, भोक मोठं होतं. स्पिरिटमध्ये बुडवून वाळवा. जोडल्यावर साबणाच्या फेसानं जोड तपासा. ज्योत निळी होईपर्यंत गाडीत झोपू नका, पिवळ्या ज्योतीनं कार्बन मोनॉक्साइड होतो. फ्रिज लावताना गाडी सपाट जागी हवी, नाहीतर आतला प्रवाह अडतो आणि बॉयलर तापून खराब होतो.

ठेवताना आतून कोरडा पुसा, दार थोडं उघडं ठेवा, बाहेरच्या जाळ्या झाका. चालवताना मात्र त्या उघड्याच हव्यात.

धागाकर्ता:
पिवळं काहीच नाही! चिमणीतून मूठभर खपल्या निघाल्या. ज्योत निळी झाली, सकाळी आत ५ अंश होते. आईला लगेच फोन केला. आता एकच विचारतो, बॉयलरच्या बाहेरच्या पत्र्याला घासून हीटप्रूफ पेंट मारला तर चालेल का?