विभागाच्या परिषदेत भाषणं हवीत कशाला? सगळ्यांनीच पोस्टर लावा!

चौथं_वर्ष_संपेना (धागाकर्ती)
आमच्या विभागाची वार्षिक परिषद नुकतीच झाली. पीएचडीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला पोस्टर (आपलं काम एका मोठ्या कागदावर मांडून शेजारी उभं राहायचं), त्यापुढच्यांना भाषण, असा शिरस्ता. मला १२ मिनिटं बोलायला आणि ३ मिनिटं प्रश्नांना होती. आधीच्या वक्त्याने पाच मिनिटं जास्त खाल्ली, म्हणून माझ्या वाट्याला एकच प्रश्न आला: "पुढे काय करणार?" सहा आठवडे स्लाइड घासल्या त्या यासाठी!

दोन वर्षांपूर्वी पोस्टर होतं, तेव्हा शेजारच्या प्रयोगशाळेतल्या मॅडम आलेखापाशी थांबल्या. एका एरर बारवर (मोजण्यांमधला फरक दाखवणारी रेघ) बोट ठेवून म्हणाल्या, "या तीन मोजण्या तीन वेगळ्या नमुन्यांवरच्या, की एकाच नमुन्यावर तीनदा?" एकाच नमुन्यावर होत्या. म्हणजे माझा एन, स्वतंत्र नमुन्यांची संख्या, तीन नव्हताच, एक होता. चार महिने घालवून प्रयोग परत केला, पण प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण वाचलं. भर सभागृहात हे कोणी विचारलं असतं? मुळात विसाव्या रांगेतून तो एरर बार दिसला तरी असता का?

माझं मत: विभागातल्या विभागात भाषणं बंद करा.

गाईडच्या_खुर्चीतून
साफ असहमत. वेळ खाल्ला तो वक्त्याने आणि खाऊ दिला तो सत्राच्या अध्यक्षाने. त्याची शिक्षा भाषणाला का?

पोस्टरवर विद्यार्थी लपतो. समोरचा विचारेल तेवढंच सांगतो, बाकी कागदावर कोंबलेलं असतंच. १२ मिनिटांत तीन वर्षांचं काम सांगायचं म्हटलं की काय टाकायचं ते ठरवावं लागतं, आणि माझ्या विद्यार्थ्यांना नेमकं तेच जड जातं. एकीने तालमीत पहिली नऊ मिनिटं पद्धतीवरच घालवली. कारण विचारलं तर म्हणाली, "सर, मेहनत तिथेच झाली ना." मेहनत कुठे झाली हे श्रोत्याला नको असतं, कळलं काय ते हवं असतं. हे तिला पोस्टरने शिकवलं नसतं.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये तीन मिनिटांत प्रबंध सांगायची स्पर्धा सुरू केली. एकच स्लाइड, तीही स्थिर. आज ती कितीतरी देशांत चालते. बंधन घातलं की विचार नीट होतो.

पिना_परत_द्या
वरच्या सरांना +१. दोन तास पोस्टरपाशी उभा होतो. चौघे आले. दोघे माझेच मित्र, एक जण चुकून, आणि चौथ्याने माझ्या ड्रॉइंग पिना उसन्या नेल्या. एरर बार बघणाऱ्या मॅडम सगळ्यांच्याच नशिबी नसतात हो.

जुनं_खोड
पोस्टर हे दुय्यम, हा समज आधी काढा. १९६९ साली माद्रिदला युरोपातल्या जीवरसायन संघटनांच्या महासंघाचं अधिवेशन झालं, तिथे पोस्टरसत्र होतं. पुढे अमेरिकेतही ते रुळलं. निबंध इतके यायला लागले की सगळ्यांना व्यासपीठ देणं अशक्य झालं, म्हणून ही सोय.

कोंबाकोंबीचं म्हणाल तर २०१९ मध्ये माइक मॉरिसन या अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या पीएचडी विद्यार्थ्याने सुचवलेला पोस्टरचा आराखडा बघा: मधोमध निष्कर्ष, साध्या वाक्यात, मोठ्या अक्षरांत. ए-झीरो कागद ८४१ गुणिले ११८९ मिलिमीटरचा असतो. तेवढ्यात एक वाक्य ठसठशीत मावत नसेल तर दोष कागदाचा नाही.

गाईडच्या_खुर्चीतून
@जुनं_खोड, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. ती सोय गर्दीपायी झाली. विभागात वीस-पंचवीस विद्यार्थी, गर्दी कुठली? प्रत्येकाला व्यासपीठ देता येतं, मग द्या की.

दावा_क्रमांक_एक
थोडं विषयांतर. पेटंटचा विचार असेल तर पोस्टर काय, भाषण काय, आधी विचारून घ्या. अमेरिकेत २००४ च्या क्लोपफेनस्टाइन खटल्यात अर्जदारांनी सोयातल्या तंतूंवरचं काम एका परिषदेत सुमारे अडीच दिवस फलकांवर लावलं होतं. प्रती वाटल्या नव्हत्या. पेटंटचा अर्ज दोन वर्षांनी केला. न्यायालयाने ते फलक छापील प्रकाशनात धरले आणि पेटंट नाकारलं गेलं. काम जाहीर केल्यावर अर्ज करायला तिथे निदान वर्षभराची सवलत असते, युरोपात जवळपास तीही नाही. विभागाच्या परिषदेला बाहेरचं कोणी येणार असेल तर 'आपल्याआपल्यात' म्हणून गाफील राहू नका.

चौथं_वर्ष_संपेना (धागाकर्ती)
@दावा_क्रमांक_एक, हे ठाऊक नव्हतं. गाईडना आजच विचारते.

@गाईडच्या_खुर्चीतून, काय टाकायचं ते भाषण शिकवतं, हे मान्य. पण सर, तुमची विद्यार्थिनी ते तालमीत शिकली, तुमच्यासमोर. परिषदेच्या दिवशी नवीन काय मिळालं तिला? चूक दाखवणारा माणूस जवळ यावा लागतो, आणि तो पोस्टरपाशीच येतो. शेवटच्या वर्षाला तर तो जास्तच हवा, कारण पुढचा प्रश्न थेट परीक्षक विचारणार.

बरं, 'सगळी भाषणं बंद' हे रागात लिहिलं. ज्याचं भाषण, त्याने त्याच दुपारी पोस्टरही लावावं, असं केलं तर?

गाईडच्या_खुर्चीतून
तालमीचा मुद्दा बिनतोड आहे. दोन्ही करायलाही माझी हरकत नाही. फक्त स्लाइडच चिकटवून पोस्टर म्हणून टांगायच्या नाहीत.

पिना_परत_द्या
आणि पिना आपापल्या आणायच्या.