क्राबीतील चार दिवस: कातळारोहण की कयाकिंग?

प्रश्न (लातूर): दिवाळीनंतर आम्ही सहा मित्र चार दिवसांसाठी थायलंडमधील क्राबीला जात आहोत. दोघांना पोहता येत नाही. तरी सर्वांना एकत्र करता येईल असे काय आहे?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर): कातळारोहणासाठी रेले या समुद्रकिनाऱ्यावर अवश्य जा. तिथे गाडीरस्ता पोहोचत नाही, आओ नांग या किनारी गावाहून होडीनेच जावे लागते. आपल्याकडच्या काळ्या कातळाची सवय असलेल्या माझ्या बोटांना तिथल्या चुनखडीच्या धारदार कंगोऱ्यांनी पहिल्याच चढाईत ओरखडे काढले, पण वरून दिसलेला समुद्र अजून डोळ्यांसमोर आहे. नवख्यांना प्रशिक्षक दोरावर सांभाळतात.

उत्तर (नांदेड): न पोहणाऱ्यांनी आओ थालेनच्या खारफुटीत कयाक (वल्ह्याची छोटी, अरुंद होडी) चालवावी, मात्र लाइफ जॅकेट काढू नये आणि भरतीची वेळ आधी विचारावी. प्रवास विम्यात साहसी खेळ समाविष्ट आहेत का, तेही कृपया तपासा.