मुलासाठी ख्रिस्ती नाव सुचवा, अर्थासकट

नवाबाबा: आम्ही वसईचे, पुढच्या महिन्यात बाळाचा बाप्तिस्मा आहे, बायकोला रायन आवडलंय पण आजी त्याला सरळ रावण म्हणते, तिला बायबलातलंच नाव हवंय. काही सुचवा ना, अर्थ पण सांगा.

पापडीवाला: योहान ठेवा की. मूळ हिब्रू, देव कृपाळू आहे असा अर्थ. जॉन, इव्हान, पोर्तुगीज जुआंव सगळी त्याचीच भावंडं. आणि आजीच्या मराठी बायबलात पण योहानच छापलंय.

मीठागर: मत्तय म्हणजे देवाची देणगी, आपला देवदत्तच समजा. ग्रीक थिओडोरचा अर्थ पण सेम. थॉमस मात्र बघून घ्या हं, अरामी भाषेत त्याचा अर्थ जुळा, एकट्या पोराला जुळा म्हणणार का 😀

पापडीवाला: अरे वसईचे आहात तर गोन्सालो का नाही? संत गोन्सालो गार्सिया इथलेच, १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मारलं त्यांना, १८६२ मध्ये संतपद मिळालं. बायबलातलं नाही पण आपल्या मातीतलं आहे.

नवाबाबा: आजीला आत्ताच विचारलं. म्हणे शाळेत पोरं गोंद्या करतील त्याचा. योहान मात्र तीनदा बोलून बघितलं तिने.