मदत हवी आहे: अंडी फुटतायत, पिसं उपटली जातायत आणि घरचे म्हणतात काळीला कापा

नमस्कार. मी चिपळूणजवळ गावात राहते. परसात दहा कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. सहा गावठी, चार कावेरी (सुधारित जातीच्या). शिवाय डालग्याखाली सात पिल्लं. तीन वर्षं फार त्रास झाला नाही, पण या पावसाळ्यात काही धड चाललेलं नाही.

आषाढात मुंगसाने दिवसाढवळ्या दोन तलंगा (कोवळ्या कोंबड्या) नेल्या. तेव्हापासून कोंबड्या सोडणं बंद केलं. खुराडं चार फूट बाय तीन फूट, आत बसायला दोन आडवे बांबू, अंडी घालायला एकच टोपली. सकाळी कणी, कोंडा आणि रात्रीचा उरलेला भात देते.

तीन आठवड्यांपासून दोन कावेरींच्या शेपटीच्या बुडाशी पिसं गेलीत. कातडी लालभडक, एकीला रक्तही आलं होतं. दुसरं म्हणजे अंडी फुटलेली सापडतात. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चार तरी. काही अंडी तर हाताला मऊ लागतात, कवच नाहीच जणू. सगळ्यात काळ्या गावठीच्या चोचीला मी एकदा पिवळं बलक पाहिलं आणि घरात निकाल लागला. सासूबाई म्हणाल्या, अंडं खायची चटक लागलेली कोंबडी सुधारत नाही, कापायची. सध्या श्रावण आहे म्हणून काळी वाचलीय. गौरीच्या तिखटाच्या सणाला तिचा नंबर लावून ठेवलाय. ती चांगली अंडी घालते आणि गेल्या वर्षी खुडूक बसून तिने अकरा पिल्लं काढली, म्हणून माझा जीव होत नाही.

तिसरं, पिल्लांपैकी तिघांच्या डोळ्याभोवती आणि चोचीजवळ फोड आलेत. खातायत, पितायत. हळद आणि खोबरेल लावते.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस देणंही राहून गेलंय. दुकानात बाटली मागितली तर शंभर पक्ष्यांची. माझ्याकडे अठरा जीव! उरलेल्या लशीचं काय करायचं?

घाटमाथा: ताई, आधी हे सांगा, पिसं नेमकी कुठली गेलीत? पाठीवर आणि मानेवर गेली असतील तर कोंबड्याचं काम. शेपटीच्या बुडाशी म्हणजे दुसऱ्या कोंबड्या उपटतायत. आणि बारा चौरस फुटांत अकरा पक्षी दिवसभर कोंडलेत म्हटल्यावर त्यांनी करावं तरी काय? रात्री झोपायला पक्ष्यामागे दीड-दोन चौरस फूट पुरतात, पण दिवसभर कोंडायचं तर चार तरी लागतात. शिवाय कणी-कोंड्यात प्रथिनं कमी. पिसं उपटून खाणं यातूनही सुरू होतं. रक्त आलेलीला आजच वेगळी काढा. लाल दिसलं की सगळ्या टोचायला धावतात.

जुना_पशुवैद्य: पिल्लांना बहुधा देवी (कोंबड्यांना फोड येणारा विषाणूचा रोग) आल्यात. पावसात डास वाढतात आणि तेच हा रोग पसरवतात. यावर नेमकं औषध नाही, खपल्या दोन-चार आठवड्यांत पडतात. त्या गोळा करून जाळा, त्यात विषाणू टिकून राहतो. डालग्यावर मच्छरदाणीचं कापड टाका. तोंडाच्या आत पांढरट चट्टे दिसले किंवा पिल्लू चोच उघडून श्वास घेऊ लागलं तर मात्र थांबू नका, दवाखान्यात दाखवा.

लशीची बाटली एकदा फोडली की दोन-तीन तासांत संपवावी लागते, ठेवून चालत नाही. वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकच दिवस ठरवा. गावात पशुसखी (जनावरांच्या देखभालीचं प्रशिक्षण घेतलेली बाई) असेल तर तिला सांगा, नाहीतर सरकारी दवाखान्यात. बर्फातून आणा आणि पाण्यातून देणार असाल तर नळाचं क्लोरीनचं पाणी नको, विहिरीचं घ्या. आजारी पिल्लांना आत्ता नको. आणि एकाएकी तीन-चार कोंबड्या मेल्या तर कापू नका, खाऊ नका, 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकाला फोन करा.

शेणसडा: अंडी मऊ असली की आपोआप फुटतात. फुटल्यावर कुठली कोंबडी खाणार नाही? काळीच्या चोचीला बलक दिसलं, पण फोडलं कुणी? दोन दिवस काळीला वेगळी ठेवून बघा. आणि रात्री टॉर्च घेऊन बांबूच्या भेगा बघा. पांढरं फडकं फिरवा. लाल डाग उमटला तर किडे आहेत. दिवसा ते लपतात, रात्री रक्त पितात.

नाकात पीस खुपसणं, चोच तव्यावर टेकवणं असले उपाय कुणी सांगितले तर करू नका. आमच्याकडे आजी करायची. कोंबडी खाणं सोडायची, एवढंच.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. आठ दिवसांनी लिहितेय.

काळीला दोन दिवस डालग्याखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी दोन अंडी फुटलेली, एक मऊ. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण काळीला स्वतः भात टाकला.

रात्री फडकं फिरवलं. बांबूच्या जोडावर मिरपूड सांडल्यासारखे बारीक ठिपके होते, फडक्यावर रक्ताचे डाग. मला तर अंगभर खाजच सुटली. दोन्ही बांबू जाळले, खुराड्याला आतून चुना मारला, लोळायला घमेल्यात कोरडी राख ठेवली. फवारायचं औषध मात्र दवाखान्यातून माप विचारूनच आणणार आहे.

मागच्या दारी तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा जुना ढीग होता. भाजून, कुटून वेगळ्या करवंटीत ठेवल्या. कावेरी तर त्यावर तुटूनच पडल्या. सुकट धुऊन, मीठ काढून थोडी थोडी देते, सोबत शेंगदाण्याची पेंड. (श्रावणात सुकट कोंबड्यांना चालते, असा घरात ठराव झाला.) टोपल्या तीन केल्या, पुढे गोणपाट लावलं. भाताच्या खाचराकडे जुनं मासेमारीचं जाळं बांधून दिवसा चार तास सोडते, मी तिथेच विळी घेऊन भाजी चिरत बसते.

टोचणं कमी झालंय, बंद नाही. जखमेवर जांभळं औषध लावल्यापासून त्या बाजूला कुणी फारसं बघत नाही. गेल्या चार दिवसांत फुटलेलं अंडं एकच.

आता दोन प्रश्न उरलेत. नव्या बांबूंऐवजी लोखंडी पाईप घातला तर पावसात पायांना गार लागेल का? आणि लशीसाठी वाडीत सहा घरं तयार झालीत, मिळून एकसष्ट कोंबड्या. त्यातल्या दोन घरच्यांना पाण्यातूनच हवीय, बाकीच्यांना डोळ्यात थेंब चालतील. एकाच बाटलीतून दोन्ही जमेल का?