नजरकैद, स्थानबद्धता आणि देव्हारा

प्रश्न : १९४२ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून हलवलेल्या जपानी वंशाच्या बायकांवरचा एक लेख मराठीत आणतेय. छावणीतून सुटल्यावर त्यांच्या पूजाअर्चेचं काय झालं, असा विषय. मी 'नजरकैद' लिहिलं, संपादकांनी त्यावर लाल गोल काढला. आणि 'बुत्सुदान'ला देव्हारा म्हणू का?

– गोल बरोबर आहे. नजरकैदेतला माणूस स्वतःच्याच घरात असतो, पहारा दाराशी. इथे घरच सोडायला लावलं. काहींना आधी रेसकोर्सवरच्या घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलं, मग मान्झानार, टोपाझ अशा छावण्यांत. सव्वा लाखाच्या आसपास माणसं, त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकी नागरिक, म्हणून 'युद्धकैदी'ही नको. आरोप नाही, खटला नाही. 'मिसाखाली स्थानबद्ध' हे आणीबाणीत आपण ऐकलंय की. स्थानबद्धताच लिहा.

– देव्हारा नको. लगेच बाळकृष्ण आणि शाळिग्राम दिसायला लागतात. बुत्सुदान म्हणजे दारं असलेलं लाकडी कपाट, आत अमिदा बुद्ध आणि घरातल्या गेलेल्यांची नावं.

– अहो, आमच्या देव्हाऱ्यात पूर्वजांचे टाक आहेत! तरी मीही 'बुत्सुदान'च ठेवेन, पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ खुलासा. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर धाडीच्या भीतीने अनेक घरांनी जपानी पोथ्या जाळल्या किंवा पुरल्या, आणि छावणीत भंगार लाकडातून बुत्सुदान पुन्हा घडवले. 'नवा देव्हारा केला' म्हटलं की यातलं काहीच उरत नाही.

– 'धर्मस्वातंत्र्य' लिहिताना जपून. आपल्या उद्देशिकेत विश्वास, श्रद्धा व उपासना असे तीन वेगळे शब्द आहेत, ते उगाच नाहीत. छावणीत बुद्धपूजा चालायची, शिंतो या जपानच्या पारंपरिक धर्माच्या जाहीर उपासनेला मात्र मनाई. मनातली श्रद्धा कोण अडवणार? अडवली ती उपासना. आणखी एक : १९४४ मध्ये टोपाझच्या छावणीत अमेरिकेतल्या जपानी बौद्धांच्या संघटनेने आपल्या नावातच 'चर्च' घेतलं. त्याचं 'विहार' करू नका. अमेरिकी दिसण्याची निकड त्या एका शब्दात आहे.

प्रश्नकर्ती : आभार! शेवटचं वाक्य 'सुटकेनंतर त्या घरी परतल्या' असं आहे, ते चालेल?

– कुठल्या घरी, ताई? १९४५ मध्ये किनाऱ्यावरच्या कित्येक बौद्ध मंदिरांचीच वसतिगृहं झाली होती, कारण परतणाऱ्या अनेकांना राहायला जागा नव्हती.

प्रश्नकर्ती : 'घरी' काढलं.