भाऊ एमडीची नशा करतो, वडील म्हणतात खोलीत कोंडू. कोंडून सुटतं का?

ऐरोलीची_ताई
लहान भाऊ २३ चा, इथेच ऐरोलीत नाइट शिफ्टला आहे. आधी वाटलं शिफ्टमुळे झोप उडालीये, पण दोन दोन दिवस डोळ्याला डोळा नाही, जेवण नाही, सारखा दात खात बसतो आणि तिसऱ्या दिवशी असा पडतो की हलवलं तरी उठत नाही. रविवारी पँट धुवायला घेतली तर खिशात पुडी. म्हणे एमडी आहे, शिफ्टला सगळेच घेतात. बाबा म्हणतात पंधरा दिवस कडी लावू, आपोआप सुटेल. पोलिसांच्या भीतीने कुणाला बोललो नाही. काय करू?

वाशीचा_काका
दोन कानाखाली लावा, फोन काढून घ्या. लाड झालेत.

शून्यापासून_परत
काका, मी भरपूर खाल्ल्या कानाखाली 😅
ताई मी कळव्याचा, सोडून पावणेतीन वर्षं झाली. मलापण दहा दिवस कोंडलेलं, अकराव्या दिवशी दूध आणायला म्हणून उतरलो ते थेट पुडी घ्यायलाच. एमडी म्हणजे मेफेड्रोन, पहिले दोन-तीन तास आपण राजा आणि उतरलं की इतकं भकास वाटतं की परत घेतल्याशिवाय राहवत नाही, तिथेच अडकतो माणूस. नाकातून रक्त, छातीत धडधड हे तर होतंच, पण मला शेजारचे माझ्याबद्दल कुजबुजतायत असं ऐकू यायचं, खिडक्यांना चादरी लावून बसायचो. भाऊ असं काही बोलतो का बघा. आणि उतरवायला गोळ्या घेतो का?

ऐरोलीची_ताई
हो, बटन म्हणतो. शिफ्टवरून आला की रोज दोन-तीन, सहा महिने तरी झाले. ते झोपेचंच औषध ना?

ओपीडीतली_सिस्टर
ताई कडी अजिबात लावू नका. झोपेच्या गोळ्या इतके महिने रोज घेतल्या आणि एकदम बंद झाल्या तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. दारूचंही तसंच असतं. त्या डॉक्टर हळूहळूच कमी करतात. एमडी बंद केल्यावर नैराश्य येतं, जीव द्यायचे विचार येतात, मग अशा पोराला एकट्याला खोलीत ठेवणार? एमडीची ओढ घालवायला ठरलेली अशी गोळी नाही, समुपदेशन आणि घरच्यांचा धीर, वेळ लागतो. ठाण्याच्या मनोरुग्णालयात ओपीडी आहे, नाव ऐकून घाबरू नका. त्याआधी १४४४६ ला फोन करा, व्यसनमुक्तीचीच सरकारी हेल्पलाइन आहे. छातीत दुखलं, अंग तापलं, भ्रमात बोलायला लागला तर वाट न बघता १०८.
पोलिसांचं म्हणाल तर मेफेड्रोन २०१५ पासून एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, पण त्याच कायद्याचं कलम ६४अ आहे, स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी पूर्ण उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यातून सूट मिळते. विकत असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

शून्यापासून_परत
+१. आणि नेताना भांडून नेऊ नका, उतरलेला असतो तेव्हा विचारा, तेव्हा आपण ऐकतो.

ऐरोलीची_ताई
सोमवारी सुट्टी टाकलीये. बाबांना सिस्टरचं वाचून दाखवलं, गप्प बसलेत. गोळ्यांची स्ट्रिप बरोबर नेऊ का?

ओपीडीतली_सिस्टर
हो न्या, रिकामी असली तरी. आणि तोवर बटन तुम्ही घरी बंद करू नका.