मदत हवी आहे : नॉर्मंडीतलं जुनं ओकचं कपाट – भुंगा, ओल आणि ठेंगणं छत

रानजाई

नमस्कार मंडळी. जुन्या लाकडी फर्निचरचं काम केलेल्यांची, त्यातही फ्रान्समध्ये राहणाऱ्यांची मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल.

आम्ही नॉर्मंडीत, बायो शहराजवळच्या एका खेड्यात जुनं दगडी घर घेतलं. आधीच्या मालकीणबाई वृद्धाश्रमात गेल्या. मुलांच्या फ्लॅटमध्ये जागा नाही, म्हणून खालच्या खोलीतलं दोन दारांचं ओकचं कपाट घरासोबत आमच्याकडेच राहिलं. इथे त्याला ‘आर्म्वार द मारियाज’ म्हणतात, लग्नाचं कपाट. मुलीच्या माहेरून ते यायचं आणि आत तिच्या चादरी, टेबलक्लॉथ, टॉवेल घड्या घालून रचलेले असायचे. आपल्या रुखवतासारखंच. माथ्यावरच्या पुढे आलेल्या नक्षीदार पट्टीच्या, म्हणजे कॉर्निसच्या मधोमध चोचीला चोच लावलेली कबुतरांची जोडी आहे, दारांवर फुलांच्या टोपल्या, कडेने गव्हाच्या लोंब्या. दोन्ही दारांवर किल्लीच्या भोकाभोवती वीतभराहून लांब, जाळीदार धातूच्या पट्ट्या आहेत.

वयाबद्दल गावात प्रत्येक जण वेगळं सांगतो. वळणदार नक्षी 18व्या शतकातला फ्रेंच राजा पंधरावा लुई याच्या काळातल्या धाटणीची आहे, पण पॅरिसची फॅशन बदलल्यावरही खेड्यापाड्यांतले सुतार तीच धाटणी 19व्या शतकात बराच काळ कोरत राहिले. त्यामुळे नुसत्या नक्षीवरून काळ सांगता येत नाही, एवढं मला कळलंय. सुताराचा शिक्काही कुठे नाही. पॅरिसच्या कारागीर-संघाने आपल्या लोकांना शिक्का मारणं बंधनकारक केलं होतं, पण प्रांतातल्या कामावर तो सहसा सापडत नाही.

हे कपाट माझ्या हातून बिघडू नये असं मला मनापासून वाटतं. दुसऱ्या महायुद्धात, 1944 च्या उन्हाळ्यात इथून जवळचं काँ आणि साँ-लो ही शहरं बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाली. घरांबरोबर घरातलं सगळं गेलं. बायो 7 जूनला जर्मनांच्या ताब्यातून मुक्त झालं आणि जवळजवळ शाबूत राहिलं, म्हणून या पट्ट्यात अशी कपाटं अजून घराघरांत दिसतात. आणि आता त्यांना कुणी विचारत नाही. ब्रोकाँतवाला (जुन्या वस्तूंचा दुकानदार) म्हणाला की मोठ्या तपकिरी फर्निचरला गिऱ्हाईक नाही. काही शे युरोंतही जात नाहीत, काही जण ‘फक्त उचलून न्या’ म्हणून फुकट देतात. ज्या कुणी त्या लोंब्यांचा दाणा न् दाणा कोरला, त्याच्या कामाची ही किंमत पाहून वाईट वाटतं.

आता अडचणी सांगते.

पहिली, भुंगा. मागच्या फळ्यांवर आणि मागच्या पायांवर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आहेत. खाली फिकट पिवळा, रव्यासारखा भुगा पडलेला दिसला. पुढची दारं मात्र स्वच्छ आहेत. कीड जुनी आणि मेलेली आहे की आत अजून चालू आहे, हे ओळखायचं कसं? घरात लहान मूल आणि मांजर आहे, त्यामुळे औषध वापरायची भीती वाटते.

दुसरी, ओल. कपाट बाहेरच्या दगडी भिंतीला टेकून उभं आहे आणि ती भिंत पावसाळी दिवसांत गार-ओली लागते. मागच्या पायाशी दोन खिळ्यांभोवती लाकूड निळसर-काळं पडलंय. ही बुरशी आहे का?

तिसरी, उंची. कपाट कॉर्निससकट 2 मीटर 35 सेंटिमीटर आहे. वरची झोपायची खोली कोरडी आहे, पण छत 2 मीटर 20. एका सुताराने सरळ सांगितलं की पाय कापू. दुसरीकडून सल्ला आला की कॉर्निस काढून टाका, सगळं घासा आणि पांढरा चॉक पेंट मारा, ‘छान गावाकडचा लुक’ येईल. दोन्ही मला करायचं नाहीये.

चौथी, पृष्ठभाग. कोरीवकामाच्या खाचांत चिकट काळपट थर बसलाय. पाण्याने पुसू का? सोड्याने? की हात लावू नये?

---

सुतारपक्षी

रानजाई, सर्वांत आधी एक : सोडा नको, पाण्याची बादली नको. कॉस्टिक सोड्याच्या हौदात बुडवून रंग काढलेली कितीतरी कपाटं मी पाहिलीत. ओकमध्ये टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) भरपूर, त्यामुळे अल्कली लागली की लाकूड काळवंडतं, तंतू उभे राहतात, जुना सरस असेल तर सुटतो. पुन्हा ती चकाकी येत नाही.

तुमचे निळे-काळे डाग बुरशीचे नाहीत. लोखंड, ओल आणि टॅनिन एकत्र आले की ओकवर हाच रंग उमटतो, जुनी काळी शाई याच मेळातून व्हायची. म्हणजे डाग सांगतोय की पाय ओला आहे. डाग घालवायच्या मागे लागू नका, ओल थांबवा. याच कारणाने ओकवर ओली स्टीलवूल कधीही घासू नका, तुटलेले तंतू अडकून काळे ठिपके पडतात.

भुंग्याचं असं. एक-दोन मिलिमीटरचं गोल भोक आणि रवाळ भुगा ही इथल्या घरगुती भुंग्याची खूण, फ्रेंचमध्ये ‘पतीत व्हिऱ्येत’. अळी आत दोन-चार वर्षं पोखरते आणि किडा साधारण एप्रिल ते ऑगस्टमध्ये बाहेर पडतो. भोक हा त्याचा बाहेर पडायचा रस्ता, म्हणून भोकांची संख्या पाहून घाबरू नका. भुगा व्हॅक्यूमने पूर्ण काढा, खाली काळा कागद पसरा, आणि भोकं असलेल्या भागावर टिश्यू पेपर पातळ पिठाच्या खळीने चिकटवा. उन्हाळ्यानंतर कागदाला नवी भोकं दिसली, काळ्या कागदावर ताजा फिकट भुगा पडला, तर कीड जिवंत आहे. मात्र कपाट हलवलं की जुना भुगाही गळतो, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

पुढची दारं स्वच्छ असण्याचं कारण साधं आहे. किडीला ओकचा बाहेरचा पांढरा भाग आवडतो, गाभा तिला जड जातो. सुतार चांगला गाभा पुढे वापरायचे आणि पाठीला हलकं लाकूड लावायचे.

---

दर्यावर्दी

मी दक्षिणेत, प्रोव्हाँसमधल्या ल्यूबेरॉनमध्ये जुन्या घरांच्या कामावर असतो. औषधाबद्दल एक महत्त्वाचं : दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच औषधांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि मांजरांना ते जीवघेणं ठरतं. मांजर घरात असेल तर खोलीतच ब्रश फिरवू नका. कीड जिवंत निघाली तर कपाट सुटं करून फक्त बाधित फळ्या आणि पाय बाहेर शेडमध्ये न्या. मांजर तिथे पोचणार नाही याची काळजी घ्या, औषध पूर्ण सुकून वास जाईपर्यंत परत आणू नका. औषध टाळायचंच असेल तर ऑक्सिजन काढून घेतलेल्या बंद तंबूत ठेवून किंवा अतिथंड खोलीत ठेवून कीड मारतात, संग्रहालयं हेच करतात. खर्च जास्त आहे, पण रंग-मेणाला धक्का लागत नाही.

वयासाठी मागची बाजू बघा. पाठीच्या फळ्यांवर हात आडवा फिरवला की हलक्या लाटा लागतात का? ती रंध्याची खूण. करवतीच्या रेघा सरळ पण कमी-जास्त अंतरावर असतील तर हातकरवत. गोल कमानीसारख्या रेघा असतील तर चक्री करवत, म्हणजे 19वं शतक किंवा नंतरचं. खिळे चौकोनी, ठोकून घडवलेले आहेत की तारेचे गोल, तेही बघा. मात्र पायाशी मारलेले खिळे नंतरच्या दुरुस्तीचे असू शकतात, एका खिळ्यावरून कपाट तरुण ठरवू नका.

आमच्या इकडच्या प्रोव्हाँसच्या कपाटांना अक्रोडाचं लाकूड आणि गोगलगायीसारखे वळलेले पाय असतात, पूर्व फ्रान्समधल्या ब्रेसकडची दोन रंगांच्या लाकडांची असतात. तुमचं वर्णन मात्र शंभर टक्के नॉर्मंडीचं. रुआँजवळ मार्तांव्हीलच्या किल्ल्यात नॉर्मन परंपरांचं संग्रहालय आहे, तिथे अशी कपाटं समोरासमोर पाहता येतात. एकदा जाऊनच या.

---

रानजाई

दोघांचेही मनापासून आभार. पर्मेथ्रिनचं वाचून अंगावर काटा आला, मांजर त्या कपाटाखालीच झोपतं.

आज पाठीवर हात फिरवला. लाटा स्पष्ट लागतात. आणि बॅटरी लावून आत पाहिलं तर जोडांवर पटाशीने मारलेल्या खुणा सापडल्या : एका जोडाच्या दोन्ही तुकड्यांवर दोन रेघा, पलीकडे तीन, कोपऱ्यात फुलीसारखं काहीतरी. लाकडी खुंट्यांची डोकी काही ठिकाणी लाकडाबाहेर बोटाला लागतील इतकी वर आली आहेत. त्या ठोकून आत बसवायच्या का?

---

सुतारपक्षी

अजिबात ठोकू नका! त्या खुणा म्हणजे सुताराने लिहून ठेवलेली जुळणी आहे, दोन रेघांचा तुकडा दोन रेघांना. ही कपाटं सुटी करून बैलगाडीवर चढवता यावीत अशीच बनवलेली असत. चार उभे खांब, बाजू, पाठ, कॉर्निस, सगळं सुटतं. खुंट्या गोंदाशिवाय बसवलेल्या असतात. वर्षानुवर्षं लाकूड आडवं आकसतं, खुंटीची लांबी मात्र तेवढीच राहते, म्हणून डोकं वर येतं. जुन्या कामाची ती चांगली खूण आहे.

सुटं करताना आधी दारं उचलून बिजागरीच्या खुंट्यांवरून काढा, दोन माणसं लागतील, ओक फार जड. मग कॉर्निस. मग खांब आणि बाजू जोडणाऱ्या खुंट्या. खुंटी एका टोकाला निमुळती असते, निमुळत्या टोकाकडून तिच्याहून किंचित बारीक लाकडी दांडा लावून हलकेच ठोका. प्रत्येक खुंटीला चिठ्ठी बांधा, ती फक्त तिच्याच भोकात बसते. दारांच्या चौकटीतल्या खुंट्यांना हात लावू नका, त्या कायमच्या आहेत. आणि पॅनल चौकटीत सैल वाटलं तर गोंद भरू नका. हवेप्रमाणे फुगायला-आकसायला त्याला ती जागा लागते, अडवलं की मधोमध चिरतं.

पृष्ठभागासाठी आधी चाचणी करा. आतल्या कोपऱ्यात कापसाला टर्पेंटाइन लावून फिरवा : थर मऊ होऊन तपकिरी उतरला तर ते मेणावर मेण आहे, गावाकडच्या कपाटांवर बहुधा तेच. स्पिरिटने चिकट झालं तर लाखेचं पॉलिश, आपल्याकडचे सुतार चपडा लाख विरघळवून करतात तेच. मेण असेल तर टर्पेंटाइन आणि मऊ ब्रशने फक्त खाचांतला चिकटपणा कमी करा, खिडक्या उघड्या ठेवून. सगळं काढू नका. खाचांत थोडा गडदपणा राहिला तरच कोरीवकाम उठून दिसतं. वरून मधमाश्यांच्या मेणाचा अगदी पातळ हात द्या, दुसऱ्या दिवशी लोकरी कापडाने घासा.

आणि उंचीचं माझं स्पष्ट मत : वर नेऊ नका. कबुतरांशिवाय ते कपाट अर्धं आहे, पाय कापणं तर विचारातही आणू नका. खालीच ठेवा, पण बाहेरच्या भिंतीपासून दूर.

---

रानजाई

खालच्या खोलीत स्वयंपाकघराकडची मधली भिंत कोरडी आहे, तिथे बसतंय! भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवते. रेडिएटर समोरच्या बाजूला आहे, तो पुरेसा लांब आहे ना? आणि पायाखाली काय ठेवू?

---

दर्यावर्दी

दीड-दोन मीटर लांब असेल तर चालेल, फक्त पहिल्या हिवाळ्यात खोली एकदम तापवू नका. इतकी वर्षं गार घरात उभं होतं ते. एक साधं आर्द्रतामापक आत ठेवा, 50 ते 60 टक्के असेल तर काळजी नको. पायाखाली ओकचेच पातळ तुकडे द्या, म्हणजे फरशीची ओल वर चढणार नाही, आणि तिरपेपणही त्यांनीच काढा. कपाट ओळंब्यात नसेल तर दारं आपोआप उघडतात आणि लोक बिजागरीला दोष देतात.

---

रानजाई

ठरलं. उन्हाळा संपेपर्यंत आहे तिथेच, पण भिंतीपासून ओढून, टिश्यू आणि काळा कागद लावून ठेवते. कागद काढला की काय दिसलं ते इथेच फोटोसकट टाकीन, मग औषध की तंबू ते ठरवू. मागच्या उजव्या पायाचा खालचा भाग बोटाने दाबला तर किंचित दबतोय. तेवढाच तुकडा जुन्या ओकने जोडून देणारा एबेनिस्त (फर्निचर-कारागीर) काँ-बायो भागात कुणाच्या पाहण्यात असेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रंग मारण्याचा आग्रह न धरणारा हवा.